बुवांची दुसरी ओळ

सकाळी साडेदहाला आमच्या संशोधन संस्थेच्या संगणक कक्षात पाय ठेवायला जागा नव्हती. पीएचडी मिरवणारे अकरा लोक एका माणसाच्या पाठीकडे श्वास रोखून पाहत होते. रक्तविकारावरच्या नव्या औषधाची चाचणी झाली होती. तिचे विश्लेषण करणारे पॅकेज, म्हणजे संगणकाचा प्रोग्राम, मूळ सोर्सपासून बांधायचे होते, आणि लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कम्पायलर तीन आठवडे प्रत्येकाला त्याच त्रुटीनिशी परत पाठवत होता. अखेर बुवांना पाचारण झाले. बुवा म्हणजे आमचे तंत्रसहायक. हे नाव त्यांना थट्टेत मिळाले होते. त्यांनी ते मनावर घेतले.

"यंत्र रुसतं," ते म्हणाले. "त्याला दटावू नये, चुचकारावं."

पडदा पाठीआड करून त्यांनी एका छोट्या फाइलीत काही टंकले, डोळे मिटले, आणि पॅकेज बांधले गेले. दिवसभर चालणारे गणितही चहा निवायच्या आत संपले. शंभरांतले एक्क्याऐंशी रुग्ण बरे! संचालकांनी हात जोडले. संध्याकाळपर्यंत बुवांची ती चिमुकली सेटिंगची फाइल प्रत्येकाच्या संगणकात ताइतासारखी बांधली गेली. ताईत उघडून पाहायचा नसतो, हा नियम शिकलेल्यांना अधिक पाठ असतो. मी संख्याशास्त्र शिकवतो. मीही ती उतरवून घेतली.

चौथ्या दिवशी नोंदणी विभागातल्या बाई निकालाची यादी घेऊन आल्या. तपासण्यांचे आकडे त्याच भरत. त्यांच्या नवऱ्याला हाच आजार होता आणि चाचणीच्या पुढच्या फेरीत सोमवारपासून त्याला हेच औषध सुरू व्हायचे होते.

"सर, सत्तेचाळीस नंबर बरा कसा?"

का नसावा, असे मी विचारले.

"शेवटच्या तपासणीचा रकाना मी रिकामा ठेवलाय. माणूसच गेला, तर रक्त कुणाचं घेणार?"

असे रिकामे रकाने एकतीस निघाले. काही रुग्ण दगावलेले, काही औषध न सोसून निघून गेलेले. एकतीसच्या एकतीस बरे.

मी फाइल उघडली. आत दोन ओळी होत्या. पहिली योग्य कम्पायलरचा पत्ता सांगणारी. यंत्राचा रुसवा तो एवढाच. हाक भलत्याच, जुन्या कम्पायलरला जात होती. दुसरी ओळ वेगासाठी. 'नसलेला आकडा' कधी येणारच नाही, असे वचन तिने कम्पायलरला दिले होते. त्या भरवशावर त्याने 'रकाना रिकामा आहे का?' हा प्रश्नच गाळून टाकला. उरला एक प्रश्न: आकडा धोक्याच्या रेषेच्या वर आहे का? नसलेला आकडा कुठल्याच रेषेच्या वर नसतो. म्हणून मेलेला बरा.

दुसरी ओळ काढून मी पॅकेज पुन्हा बांधले. नऊ तासांनी उत्तर आले: पन्नास बरे, एकतीसांचे ठाऊक नाही. ते घेऊन संचालकांकडे गेलो. बुवा तिथेच बसले होते. सर, शंकेने यंत्र मंदावतं, एवढेच ते म्हणाले. संचालकांनी माझा कागद सावकाश वाचला, नीट घडी घालून परत दिला आणि अहवाल कालच रवाना झाल्याचे सांगितले. पन्नास हा आकडाही वाईट नाही, पण एक्क्याऐंशी छापून झालाय, असेही म्हणाले.

बाईंनी घरी सगळे सांगितले, औषध घेऊ नका म्हणून विनवले. नवरा म्हणाला, "तू नुसते आकडे भरतेस. मोजलेत त्यांनी."

सहा महिन्यांनी पुढच्या फेरीची यादी आली. तिच्यातला एक रकाना बाईंनी स्वतःच्या हाताने रिकामा ठेवला होता. संगणकात अजून बुवांचीच फाइल होती. त्या रकान्यासमोर छापून आले: बरा. बाईंनी यादी माझ्या टेबलावर ठेवली आणि त्या कामाला गेल्या.

कुणाची तयार फाइल उतरवून घ्याल, तर आधी उघडून वाचा. ही दोनच ओळींची होती. वाचायला मला अर्धे मिनिटही लागले नाही. उघडायला चार दिवस लागले.