बारमाही उद्यानाची एकुलती एक पर्यटक

मोठ्या साहेबांना उन्हाळ्यात डोंगरावरचं सरकारी उद्यान फार आवडलं, आणि तिथेच घोटाळा झाला. उबदार कचेरीत परतल्यावर त्यांनी हुकूम काढला: उद्यान यापुढे बारमाही. तंबू, भटकंती, निसर्गाचा आनंद, सगळं बाराही महिने. डोंगराला मात्र कोणी कळवलं नाही. थंडीत त्याने नेहमीसारखा गुडघाभर बर्फ अंगावर घेतला आणि पर्यटक नेहमीसारखे आपापल्या घरी पांघरुणात शिरले.

हुकुमाच्या शेवटी बारीक अक्षरात खरी मेख होती. ज्या महिन्यात एकही तंबू लागणार नाही, एकही अभिप्रायपत्रक भरून येणार नाही, त्या महिन्यानंतर चौकी बंद आणि रखवालदाराची रवानगी शहरात, आवक-जावकच्या टेबलावर. रखवालदाराला एकोणीस वर्षं झाली होती इथे. त्या टेबलाजवळच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, हे तो एकदा पाहून आला होता.

महिना संपायला पाच दिवस उरले, तेव्हा त्याने बायकोपुढे विषय काढला.

"अगं, एक रात्र तंबूत राहशील का? पर्यटक म्हणून."

"आणि स्वयंपाक?"

"मी करीन."

"मग चार रात्री राहते."

गेटवरच्या चौकीत त्याने रीतसर वही उघडली. नियम म्हणजे नियम.

"कुठून आलात?"

"स्वयंपाकघरातून."

त्याने 'जवळपासच्या भागातून' असं लिहिलं. सात नंबरच्या जागेवर तंबू लागला, घरापासून तीस पावलांवर. बाई दोन रजया, गरम पाण्याची पिशवी आणि रेडिओ घेऊन आत गेली आणि चक्क सकाळी उशिरापर्यंत झोपली. रखवालदाराने चहा नेऊन दिला. तो निवला होता, हे तिने ताबडतोब सांगितलं.

तिसऱ्या दिवशी तो तिला धबधबा दाखवायला घेऊन गेला. गोठलेला धबधबा, पत्रकावर फोटो असतो तो. वाटेत त्याने पर्यटकांना सांगतो ती सगळी माहिती घडाघडा सांगितली.  धबधब्यासमोर ती बराच वेळ उभी राहिली.

"घरापासून किती लांब आहे हो हे?"

"चाळीस मिनिटं. का? तू पाहिला नव्हतास?"

"पाहायला जाणाऱ्यांसाठी नाश्ता करत होते."

 रखवालदाराने धबधब्याची उंची पुन्हा एकदा सांगितली.

शेवटच्या दिवशी त्याने अभिप्रायपत्रक आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. "एखादी तक्रारही लिही. खरं वाटलं पाहिजे." एकोणीस वर्षांच्या संसारात एवढा भोळेपणा बरा नव्हे. तिने पुरवणी मागितली.

ती तंबू आवरायला गेल्यावर तो वाचायला बसला. 'बटाटे कच्चे. रखवालदार पर्यटकांशी तासभर गोड बोलतात, घरात नुसतं हं-हं करतात. राहत्या घराच्या खिडकीची फट तीन हिवाळे उद्या बुजणार आहे. पर्यटकांना रोज विचारतात, थंडी वाजते का. हे चांगलं आहे. मला चार दिवस विचारलं.'

शेवटी छापील प्रश्न होता: पुन्हा यायला आवडेल का? खाली तिचं नीटस अक्षर: 'त्यासाठी आधी जावं लागतं.'

कचेरीला तिथे फक्त 'हो' हवं असतं. पेन्सिलीनेच लिहिलेलं, आणि खोडरबर खणात होतं. त्याने खणही उघडला. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. भिंत दिसणारी खिडकी नको म्हणून इतका आटापिटा करणाऱ्या माणसाने बायकोला एवढी वर्षं ओट्यासमोरच्या भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं, आणि ते त्याला सरकारी कागदावर वाचावं लागलं.

पत्रक त्याने आहे तसं पाकिटात घातलं. वही उघडली, 'जाण्याची तारीख' या रकान्यात उद्याची तारीख टाकली आणि बाहेर येऊन विचारलं, "तुझ्या बहिणीकडे कधीची जायचं म्हणतेस ना, किती दिवस राहशील?"

ती तंबूची दोरी सोडता सोडता थांबली. त्याच्याकडे नीट पाहिलं.

"पुढच्या महिन्यालाही पर्यटक लागेल ना तुम्हाला?"

"लागेल."

"बघते," ती म्हणाली. "थंडी वाजते हो त्या घरात."

तो आत गेला आणि हातोडी शोधू लागला.