साहेब आत आहेत

व्यंकटरावांच्या भाच्याने तो प्रोग्राम मुळात आपल्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानासाठी केला होता. एक दुकान, एक संगणक, एक भाचा. तिथे तो झकास चालायचा. पुढे मामा हिंगोलीच्या एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष झाले आणि भाच्याच्या अंगात समाजसेवा संचारली. 'पार्ट नंबर'च्या जागी 'विद्यार्थिनीचे नाव' आलं, 'शिल्लक नग'च्या जागी 'बारावीचे गुण' आले, आणि ती फाईल पुण्यात भाड्याने घेतलेल्या एका सर्व्हरवर जाऊन बसली. आता जवळा बाजार, शिरड शहापूर, साखरा, कुठल्याही शाखेत बसून फोनच्या तारेवरून पुण्याच्या मशीनमध्ये शिरायचं आणि नर्सिंगच्या मुलींचे अर्ज भरायचे. २००६ साल होतं. एवढं नुसतं सांगितलं तरी लोक टाळ्या वाजवायचे.

कोमल मात्र टाळ्या वाजवत नव्हती, कारण मुख्य कार्यालयात तो प्रोग्राम सांभाळायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. अकरा महिन्यांच्या करारावरची ऑपरेटर, आणि करार संपायला महिना उरलेला. भाच्याने 'सुरक्षेसाठी' अशी सोय केली होती की एकजण लिहीत असला की बाकी सगळ्यांनी नुसतं वाचत बसायचं. वही एक, पेन एक. त्यामुळे शाखांनी सामाईक विहिरीसारख्या पाळ्या लावून घेतल्या होत्या, आणि "साखरावाले, उतरा आता, जवळ्याची पाळी हाय!" असं फोनवर ओरडण्यात कोमलचा निम्मा दिवस जायचा. त्यात आणखी गोम अशी की समोरचा पडदा बंद केला तरी माणूस पुण्यातून बाहेर पडत नसे. त्याचं लिहिलेलं अर्धं पान तिथे उघडंच राही. निघताना 'बाहेर पडा' असं बटण दाबावं लागे आणि ते नेमकं कुणी दाबत नसे. आपल्याकडे लोक घरातला दिवा मालवत नाहीत, मग पुण्यातल्या मशीनची काय कथा.

अर्जांच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या पुढे व्यंकटराव वार्ताहरांना घेऊन आले. भाच्याने आपला लॅपटॉप मांडला. साहेब 'अध्यक्ष' या नावाने आत शिरले, कोरा अर्ज उघडला आणि 'विद्यार्थिनीचे नाव' या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. दुसरं कुणाचं नाव त्यांना सुचणार तरी कसं? फोटो निघाले. मग लॅपटॉप मिटून सगळे सत्कारासाठी जवळा बाजारला गेले.

साहेब गेले, पण पुण्यात ते आतच राहिले.

चार वाजता साखऱ्याजवळच्या तांड्यावरून नीलाबाई आपल्या मुलीला, शितलला, घेऊन पोचल्या. तहसीलमधून दाखल्यावरचं नाव दुरुस्त करून घेण्यात त्यांचे चार दिवस गेले होते. कोमलने यादी पाहिली. जागा तीस. शितलचे गुण बघता ती बरोबर तिसावी येत होती, म्हणजे अर्ज आत गेला की पोरीचं काम झालं. पाच वाजता पुण्याचं मशीन आपोआप यादी लावणार होतं. कोमलने भराभरा सगळं भरलं, आणि पडद्यावर उत्तर आलं: अध्यक्ष लिहीत आहेत. कृपया थांबा.

"काका, साहेबांना बाहेर काढते मी. एक बटण दाबलं की झालं," ती हेडक्लार्क किसनरावांना म्हणाली.

किसनरावांनी हातातला चहा खाली ठेवला. "कोनाला काढतीस?"

"खरंखुरं न्हाई काका, मशीनमधून. त्यांचं अर्धं लिहिलेलं तेवढं पुसलं जाईल."

"साहेबाच्या हातचं पुसतीस? तीस वर्सं झाली मला. साहेबासमोरची फाईल साहेबच मिटवतेत. दुसऱ्या कोनी मिटवली अन् त्यो घरी बसला, असे दोघं दाखवतो तुला. आन् तुझा कराराचा कागद बी त्यांच्याच टेबलावर हाय, बराबर?"

साहेबांचा फोन लागेना. शिरड शहापूरहून मात्र लागत होता: कोण बसलंय आत, उठवा की! साडेचार झाले. दारात नीलाबाई पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या.

मग किसनरावांना तोडगा सुचला. तीस वर्षांचा अनुभव वाया जात नाही. "पुसायचं न्हाई," ते म्हणाले. "पुरं करायचं!"

साहेबांचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या जीपचा नंबर, तो अख्ख्या जिल्ह्याला पाठ होता. कोमल 'अध्यक्ष' होऊन आत शिरली. अर्धा अर्ज जसाच्या तसा वाट पाहत होता. जन्मतारीख वाढदिवसाच्या फलकावरून घेतली. बारावीच्या गुणांशी गाडी अडली.

"नव्व्याण्णव टाक," किसनराव म्हणाले. "शंभर टाकलं त लोकाला खुशामत वाटंल."

हे कुठे जाणार ते कोमलला दिसत होतं, पण तिला करारही दिसत होता. तिने नव्व्याण्णव टाकले, नोंद जतन केली आणि पेन मोकळं झालं. पाचला चार मिनिटं कमी असताना शितलचा अर्ज आत गेला.

पाच वाजता यादी लागली. पहिलं नाव व्यंकटरावांचं. शितल एकतिसावी, प्रतीक्षा यादीत.

शितलने यादी वाचली आणि आईला सांगितली. नीलाबाईंनी कोमलला विचारलं, "बाई, त्यो साहेब आता बाळंतपनं करनार व्हय?"

कोमलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने एवढंच सांगितलं की उद्या सकाळी या.

सकाळी तिने किसनरावांना विचारलंच नाही. तिने साहेबांचा प्रवेश रद्द करायला घेतला, म्हणजे एक जागा सुटून शितल तिसावी झाली असती. प्रोग्रामने कारण मागितलं. कारणं भाच्याने आधीच ठरवून ठेवली होती आणि ती तीनच होती: मृत्यू, अन्यत्र प्रवेश, लग्न ठरले. मुलगी शिक्षण सोडते ती एवढ्याच पायी, असा त्याचा अभ्यास होता. मृत्यू टाकायची कोमलची छाती झाली नाही, आणि अन्यत्र प्रवेश कुठे, हे प्रोग्रामने पुढे विचारलं असतं. तिने 'लग्न ठरले' निवडलं आणि कागद छापला. खाली अध्यक्षांची सही लागत होती.

सह्यांच्या फाईलमध्ये तो कागद घालून ती स्वतः आत गेली. मागोमाग नीलाबाई आणि शितलही, कुणी न बोलावता, दारात येऊन उभ्या राहिल्या. पलीकडे किसनरावांनी डोळे मिटून घेतले होते.

साहेब नाव कधी वाचत नसत. नाव वाचायचं तर चष्मा लागे, आणि फोटोसाठी त्यांनी तो घालणं सोडलं होतं. पण कारण मोठ्या अक्षरात छापलेलं होतं.

"लग्न ठरले!" साहेब कडाडले. त्यांनी दारात पाहिलं. "ही पोरगी का? अन् तुमी माय का? अवो, शिकायच्या वयात लग्न काहून लावून राहिले? आमी इकडं पुण्यापातूर तारा जोडून राहिलो अन् तुमी लेकराला बोहल्यावर चढवून राहिले! लाज वाटू द्या जरा!"

नीलाबाईंनी कोमलकडे पाहिलं. कोमलचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाई शहाणी होती. तांड्यावर चार पोरं वाढवली होती तिने. तिने खाली मान घातली.

"चुकलं, साहेब," ती म्हणाली. "आता न्हाई लावत लग्न. शिकवते."

"हां! असं पायजे!" साहेब खूश झाले. या बाईला आपण सुधारलं, हे आजच्या भाषणात घालायचं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, आणि त्याच आनंदात स्वतःच्या नावाखाली झोकदार सही ठोकली.