मावशींचा थांबा

माझी भाची संगीत विद्यालयातून पहिली येऊन घरी आली, तेव्हा मी तिला घट्ट मिठी मारली, गालावरून हात फिरवला आणि मनात म्हटलं, झालं, आता आपलं दुकान बंद!

दुकान म्हणजे पडद्यांचं नव्हे. पडदे शिवणं हा माझा धंदा. सरळ शिलाई सांगा, दिवसभर घालते. कोट सांगाल तर हात जोडीन. मी बोलतेय ते आमच्या चर्चमधल्या ऑर्गनबद्दल. त्या बाकावर मी एकतीस वर्षं बसतेय. बाकाच्या गादीचं कव्हरसुद्धा मीच शिवलंय, दोनदा.

मला त्रेचाळीस गीतं येतात. उजवा हात बरा चालतो. डावा म्हणजे आमचे नवरोबा: हाक मारली की ‘आलो, आलो’ म्हणणार आणि येणार आपल्या सवडीनं. त्यामुळे प्रत्येक ओळ संपली की मला जरा थांबावं लागतं. डाव्या हाताला पुढचे सूर सापडले की मग पुढची ओळ. मंडळीला याची इतकी सवय झाली की तिथंच सगळे श्वास घेतात. दुसऱ्या रांगेत बसणारे आमचे मोचीआजोबा त्याला ‘मावशींचा थांबा’ म्हणतात. “आला थांबा, उतरा!” असं शेजारच्याच्या कानात सांगतात, आणि ते मला बाकावर ऐकू येतं.

नऊ वर्षांपूर्वी नवे पाळकसाहेब आले. दुसऱ्याच रविवारी प्रवचनात म्हणाले, “आपल्या मावशी प्रत्येक ओळीनंतर देवापुढे क्षणभर स्तब्ध होतात. किती ही भक्ती!” सगळी मंडळी माझ्याकडे कौतुकानं बघायला लागली. मी काय केलं? मान खाली घातली. काय तो नम्रपणा! तेव्हाच उठून खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

तर भाची आली आणि पाळकसाहेब म्हणाले, “मावशी, या रविवारी हिला वाजवू द्या की.”

“हो, वाजवू दे की,” मी म्हटलं, आणि घरी येऊन रागारागानं एक आख्खा पडदा उलट्या बाजूनं शिवला. उसवता उसवता देवाशी भांडले. लहानपणापासून मागत होते ना, मला छान वाजवता येऊ दे, तुझ्यासाठीच वाजवीन म्हणून? मला दिलंस ते हे बेताचं, आणि हिला ओंजळ भरभरून. काय बिघडलं असतं रे तुझं?

रविवारी तिनं सुरुवातीचे सूर धरले आणि माझे डोळे भरून आले. त्याचाही मला राग आला. मग गीत सुरू झालं. पहिली ओळ संपली आणि मंडळी थांबली, सवयीनं. ऑर्गन मात्र पुढे निघून गेला. निम्मे लोक त्याच्यामागे धावले, निम्मे तिथंच उभे. दुसऱ्या कडव्यात मोचीआजोबा एकटेच मागची ओळ गात होते. भाचीनं घाबरून वळून पाहिलं, कसंबसं गीत संपवलं आणि उठून बाजूच्या खोलीत गेली.

खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

पाळकसाहेब हळूच माझ्याजवळ आले. “शेवटचं गीत तुम्हीच घ्या, मावशी. पोरीची बोटं चांगली आहेत, पण तुमची ती शांतता नाही तिच्यात.” मी टुणकन उठले. वाटेत ती खोली लागली. भाची हातातल्या कागदाच्या घड्यांवर घड्या घालत उभी होती.

“मावशी, मला तुझ्यासारखं भक्तीनं वाजवता येत नाही गं. मी नाही वाजवणार इथं परत.”

भक्तीनं! माझे पाय तिथंच अडले. बायबलमधली तीन चाकरांची ती गोष्ट मी रविवारच्या शाळेत मुलांना किती वेळा सांगितलीय. परगावी जाताना मालक एकाला पैशांच्या पाच थैल्या देतो, एकाला दोन, एकाला एक, आणि परत आल्यावर हिशेब मागतो. मुलं पाचवाल्याबद्दल विचारतात, एक थैली पुरून ठेवणाऱ्याबद्दल विचारतात. मधल्याबद्दल कुणी विचारत नाही. पण मालकानं पाचवाल्याला दिली तीच शाबासकी त्यालाही दिली, एका शब्दाचाही फरक न करता. त्यानं दोनच्या चार केल्या आणि चारच पुढे ठेवल्या. मी मात्र नऊ वर्षं माझ्या दोन थैल्या फुगवून पाच म्हणून मिरवत होते. आणि जिला खरोखर पाच मिळाल्या, तिला त्या पुरून ठेवायला लावत होते. लाज वाटली मला, खूप लाज वाटली.

मी तिचं मनगट धरलं आणि तिला सगळ्यांसमोर घेऊन आले.

“एक सांगायचंय,” मी म्हटलं. “तो थांबा भक्तीचा नाही. माझा डावा हात मंद आहे. पुढचे सूर सापडेपर्यंत मी थांबते. एकतीस वर्षं थांबतेय. तुम्हाला चुकीचं गायला मी शिकवलं, या पोरीची काही चूक नाही.”

मोचीआजोबा म्हणाले, “म्हणजे नऊ वर्षं आम्ही डोळे मिटून तुमच्या डाव्या हाताची वाट बघत होतो?”

जो हशा पिकला! पाळकसाहेबांचे कान लाल झाले, पण माणूस भला. शेवटी तेही हसले. “माझं प्रवचन गेलं पाण्यात,” म्हणाले.

“बस गं,” मी भाचीला म्हटलं.

“आणि तू?”

“मी बुधवारी. बुधवारच्या प्रार्थनेला सातच जण असतात आणि सगळ्यांनाच दम लागतो. तिथं माझं छान चालेल.”

ती बाकावर बसली. मी दुसऱ्या रांगेत मोचीआजोबांच्या शेजारी जाऊन बसले. एकतीस वर्षांत मी चर्चमध्ये कधी गायलेच नव्हते. हात चालले की माझं तोंड बंद पडतं. मनात कुठंतरी आशा होती, देवानं मला खरं देणं गळ्यात दिलं असेल, आणि मीच कधी उघडून पाहिलं नसेल.

गीत सुरू झालं. मी तोंड उघडलं. आवाजही बेताचाच निघाला.

मोचीआजोबांनी एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मला हसू आलं. मी तशीच गायले, मोठ्यानं, शेवटच्या ओळीपर्यंत, कुठंही न थांबता.