बोटाखालची ओळ

सोनगीरच्या हिलाल गवंड्याची कोकिळा गणितात गावातल्या कुणाला हार गेली नव्हती. मास्तरांनी फळ्यावर खडू टेकवायच्या आत हिचं उत्तर तयार. तीच कोकिळा धुळ्याला देवपुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात आली आणि पहिल्याच वर्षी दोन विषयांत आपटली. विषय येत होते, पण पेपर इंग्रजीत. एकेक शब्द उचलायचा, मनात त्याची मराठी करायची. पुढचा शब्द हाती लागेपर्यंत मागचा निसटलेला असायचा. अर्धा वेळ प्रश्न वाचण्यातच जायचा.

निकालाच्या दिवशी बाप एवढंच म्हणाला होता, "एक साल गयं ते गयं, बेटा. दुसरं गयं ते मन्हा हातमा काही नही."

आता मार्च उजाडला होता. परीक्षा महिन्यावर.

तिच्यासारखी अकरा जणं होती. इंग्रजीच्या झुलाल सरांनी त्यांना दिवाळीनंतर गोळा केलं. सर सत्तावन वर्षांचे. आयुष्यभर खडूच हातात धरलेला, पण मागच्या उन्हाळ्यात पुस्तक समोर ठेवून त्यांनी स्वतः संगणकाचा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर इंग्रजीची एक ओळ यायची, थोडा वेळ थांबायची आणि पुसली जायची. मग दुसरी. शेवटी प्रश्न. उत्तर बरोबर आलं की पुढच्या वेळी ओळी जरा लवकर पळायच्या. चुकलं की यंत्र पुन्हा सावकाश व्हायचं.

"माझ्यापेक्षा हा मास्तर बरा," सर म्हणायचे. "शंभर वेळा चुकलात तरी कपाळावर आठी नाही."

फैजपूरचा उखर्डू म्हणायचा, "सर, शंभर कसले, माझे आजचेच दीडशे झाले!"

पळणाऱ्या ओळीमागे धावताना सगळ्यांचं एकच व्हायचं. पहिलीत लागलेली सवय, बोट ओळीखाली जायचं. काचेवर बोट टेकवून ही मोठाली पोरं वाचायची. सरांनी कुणाला टोकलं नाही. "बोट पळू दे," म्हणायचे. "बोटामागे डोळा पळतो."

पण संगणकाची खोली होती बन्सीलाल सरांच्या ताब्यात. दाराबाहेर चपला, खिडक्यांना जाड पडदे आणि पाचही यंत्रांना रेक्झिनची झबली. शिंप्याकडून माप देऊन शिवलेली, समोर काचेपुरती जागा उघडी ठेवलेली. यंत्र चालू असो की बंद, झबलं अंगात. धूळ नको म्हणून. एवढं जपूनही दोन यंत्रं सारखी बंद पडायची आणि पुण्याहून माणूस येईपर्यंत पंधरा-पंधरा दिवस तशीच राहायची.

त्या सोमवारी तिसरंही बंद पडलं. बन्सीलाल सरांनी काचेवरचे बोटांचे ठसे पाहिले आणि दाराला कुलूप घातलं.

"संगणक म्हणजे गावच्या शाळेची पाटी नाही," ते व्हरांड्यात सगळ्यांसमोर म्हणाले. "ज्यांना बोट लावल्याशिवाय वाचता येत नाही, त्यांनी इथं यायचंच कशाला? यांच्या बोटांनीच यंत्रं मरतात."

झुलाल सर त्यांना बाजूला घेऊन समजावत होते. कोकिळा मात्र तडक प्राचार्यांच्या खोलीत गेली. मागोमाग दोघेही सर आले.

"सर, आमची चूक असेल तर दाखवा," ती प्राचार्यांना म्हणाली. "वाचता येत नाही म्हणतात. आता घ्या परीक्षा."

"पाठ केलं असेल सगळं," बन्सीलाल सर म्हणाले.

"मग तुम्ही द्या ना कागद. मी कधी न पाहिलेला."

बन्सीलाल सर हसले. गेले आणि कपाटातून यंत्रासोबत आलेलं जाडजूड पुस्तक घेऊन आले. अजून वरचं प्लॅस्टिकही फाडलेलं नव्हतं. त्यांनी ते फाडलं, मधलंच पान उघडलं आणि तिच्यापुढे सरकवलं. "दहा मिनिटं. वाच, आणि काय लिहिलंय ते सांग."

कोकिळाने बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं.

"बघा! पुन्हा बोट."

तिने बोट उचललं नाही. मान वर न करता म्हणाली, "डोळे माझे, बोटही माझंच. वाचू द्या."

झुलाल सरांनी हसू लपवायला खिडकीकडे तोंड फिरवलं. बोट पळू लागलं. एका शब्दाशी अडलं, तरी ती थांबली नाही. थांबलं की ओळ पुसली जाते हे अंगात मुरलं होतं. पुढच्या ओळीत त्या शब्दाचा अर्थ आपोआप लागला. पान उलटलं. एका जागी बोट थांबलं, मागे आलं, पुन्हा त्याच ओळीवरून फिरलं. तिने वर पाहिलं.

"झालं?" प्राचार्यांनी विचारलं.

"हो सर. यंत्र आतून तापतं. गरम हवा मागच्या फटींतून बाहेर जाते. त्या फटी कधी झाकू नयेत. यंत्र चालू असताना वर कसलंही आच्छादन ठेवू नये, नाहीतर ते तापून बंद पडतं." ती श्वास घ्यायला थांबली. "आणि काचेला डाग पडले तर किंचित ओल्या मऊ कापडाने पुसावेत. काचेला हात लावल्याने यंत्र बिघडतं, असं या पानांत कुठं नाही."

बन्सीलाल सरांनी पुस्तक ओढून घेतलं. वाचलं. पुन्हा वाचलं.

प्राचार्य उठले. सगळे संगणकाच्या खोलीशी आले, बन्सीलाल सरांनी कुलूप उघडलं, सगळ्यांनी चपला काढल्या. प्राचार्यांनी एक यंत्र सुरू करायला सांगितलं. पंधरा-वीस मिनिटांनी झबल्याखाली हात घालून मागची बाजू चाचपली आणि चटकन हात मागे घेतला.

"बन्सीलाल, हे पुस्तक येऊन किती दिवस झाले?"

"दोन वर्षं, सर."

खोलीत कुणी हसलं नाही. दाराबाहेर उखर्डू तेवढा खोकला.

कोकिळाने कुणाला न विचारता पुढे होऊन झबल्याची नाडी सोडली. मग दुसऱ्याची. पाचही झबली घडी करून तिने टेबलावर ठेवली.

"वर्ग उद्यापासून सुरू," प्राचार्य म्हणाले.

"आजपासून, सर," कोकिळा म्हणाली. "महिनाच राहिलाय."

प्राचार्यांनी झुलाल सरांकडे पाहिलं. सर आधीच प्रोग्रामची फ्लॉपी हातात घेऊन उभे होते.

बन्सीलाल सर दाराशी थबकले. "चपला मात्र बाहेरच," म्हणाले आणि गेले.

कोकिळा खुर्चीत बसली. रुमालाचं टोक ओलं करून, पिळून तिने काच पुसली, आधीचे सगळे ठसे गेले. पहिली ओळ आली. सरांनी वेग एक पायरी वाढवून ठेवला होता.

"जमेल ना गं?"

"येऊ द्या, सर," ती म्हणाली आणि स्वच्छ काचेवर बोट टेकवलं.