पहिल्या मजल्याची मैया

साडेसहा वाजायचे होते, तरी जिन्याखालच्या बोळकांडीत पाय ठेवायला जागा नव्हती. पौषातली थंडी, तोंडातून वाफा, आणि प्रत्येकाच्या हातात तांब्या, थर्मास नाहीतर रिकामी बाटली. दूरच्या मझौली गावचं एक कुटुंब आदल्या दिवशीच येऊन नातेवाइकांकडे उतरलं होतं. सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या नर्मदामाईच्या चित्राकडे लागले होते. बरोबर साडेसहाला चित्राखालचा गिलावा ओला झाला, एक थेंब जमला, ओघळला आणि गर्दी ओरडली, "नर्मदे हर!"

"छूकर देखिए!" जलधारी महाराज गरजले. "कड़ाके की ठंड में गुनगुना जल! सूँघिए, चंदन! मैया घाट छोड़कर भक्तों के द्वार आई है!"

पाणी खरंच कोमट होतं आणि चंदनाचा वासही खरा होता. मैया वेळेची पक्की होती, रोज साडेसहा ते साडेआठ. रविवारी मात्र दहाच्या आधी तिचं दर्शन नसे. डिसेंबरात ती चार दिवस आलीच नाही, तेव्हा महाराजांनी इमारतीत कोणीतरी अंडं खाल्ल्याचं अंतर्ज्ञानाने ओळखलं. देवीला रविवारी उशिरापर्यंत का झोपावंसं वाटतं, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

जिन्यात उभ्या असलेल्या पहिल्या मजल्यावरच्या पुंडलिकला विचारायची गरजच नव्हती. त्याच्या घरी रविवारी दहाच्या आधी कोणी आंघोळ करत नसे. डिसेंबरातले ते चार दिवस तो सहकुटुंब नागपूरला लग्नाला गेला होता. आणि चंदनाचा साबण त्याच्या बायकोच्या, सत्यभामाच्या आवडीचा होता.

पुंडलिक खमरियाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला पाईप फिटर. चौतीस वर्षं नोकरी केली, आणि "आपला जोड गळत नाही" हे वाक्य त्याने निदान चौतीस हजार वेळा ऐकवलं असेल. वर्षापूर्वी नातू झाला, घरात एक न्हाणी पुरेना. त्याने इमारतीत कोणालाही न विचारता जिन्याच्या बाजूला दुसरी न्हाणी काढली आणि सांडपाण्याचा पाईप जिन्याच्या भिंतीत घातला. एका वळणाला जोड नीट बसेना. जोड चिकटवायचं सोल्यूशन संपलं होतं, गवंडी घाई करत होता. "उद्या पाहू," म्हणून पुंडलिकने तो तसाच कोरडा बसवला, आणि उद्या यायच्या आत गवंड्याने वरून गिलावा मारून टाकला.

दिवाळीनंतर भिंत पहिल्यांदा पाझरली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या कुंदा मॅडमनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं. त्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत. "काका, या भिंतीत पाण्याची लाइन आहे का हो?"

"नाही," तो म्हणाला होता. "नकाशा काढून पाहा. एकही लाइन नाही."

नकाशापुरतं ते खरं होतं. पण पाईपवाल्यानेच नाही म्हटल्यावर मग पाणी आलं कुठून? आठ दिवसांत महाराज हजर झाले. ते जिथे तिथे सांगत, "खमरिया का फिटर खुद बोला है, दीवार में पाइप नहीं!" स्वतःचा असा दाखला ऐकला की पुंडलिक मान खाली घालून जिना चढायचा. त्यातच एक दिवस तळमजल्यावरच्या भानुमतीताई वाटी घेऊन समोर आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. पंचवीस वर्षं त्या त्याला भाऊबीजेला ओवाळत होत्या.

"पुंडलिक, गुडघ्याले गुण येते म्हणून राहिले सगळे. पिऊ ना रे हे?"

बोळकांडीत तेव्हा वीसेक माणसं होती. पुंडलिक म्हणाला, "प्या ना ताई."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात भानुमतीताईंना जुलाब लागले. "मैया पेट की सफाई कर रही है," महाराजांनी निदान केलं आणि वाटी दुप्पट केली. तिसऱ्या दिवशी त्या मोरीजवळ पडलेल्या सापडल्या. कुंदा मॅडमनी त्यांना रिक्षातून दवाखान्यात नेलं, सलाइन लागलं. डॉक्टर म्हणाले, पोटात घाण पाणी गेलंय, वय पाहता दोन दिवस काही सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी कुंदा मॅडम दारोदार फिरल्या. प्रत्येक मजल्याला त्यांनी खायच्या रंगाची वेगळी पुडी दिली. पहिल्या मजल्याला लाल.

"उद्या सकाळी न्हाणीच्या जाळीवर ओता काका. ज्याचा रंग खाली उतरेल, पाणी त्याचं."

"हो हो," पुंडलिक म्हणाला.

दार लागल्यावर सत्यभामा बोलली. "फेकून द्याल, मले माहीत आहे."

"काहून असं बोलून राहिली?"

"त्या न्हाणीत मी पोराची लंगोटं धुते जी. ते भानुताईच्या पोटात गेलं." एवढं बोलून ती रडायला लागली. पुंडलिकला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

सकाळी त्याने पुडी जाळीवर ओतली, वर दोन बादल्या कोमट पाणी टाकलं. आता रंगच काय ते बोलेल, आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही, असा त्याचा हिशेब होता. सत्यभामाला न्हाणीचा नळ सोडायला सांगून तो खाली आला. भिंत पाझरली. थेंब लालभडक होता.

"कुंकू!" महाराज किंचाळले. "मैया ने कुंकू भेजा है!"

कुंदा मॅडम ओरडून सांगत होत्या, "अहो, रंग आहे तो! मीच दिलाय!" पण ऐकतो कोण? बायका बोटं बुडवून कपाळाला लावत होत्या. अजून मुक्काम ठोकून असलेल्या मझौलीच्या कुटुंबातल्या बाईने लाल पाण्याची वाटी कडेवरच्या मुलीच्या ओठाला नेली. पुंडलिक धावला आणि त्याने तिचा हात धरला.

"मत पिलाओ! मेरे बाथरूम का पानी है ये!"

बाईने वाटी मागे घेतली.

"पापी!" महाराज म्हणाले. "मैया को गंदा कहता है?"

पुंडलिक वर गेला, हातोडा आणि छिन्नी घेऊन आला. चित्र उतरवून त्याने हात जोडले आणि घाव घातला. चौथ्या घावाला गिलावा निखळला. आत राखाडी पाईपचं वळण होतं, आणि त्याच्या जोडातून लाल थेंब ठिबकत होते.

"सत्यभामा, नळ बंद कर!" तो जिन्यात तोंड करून ओरडला. थोड्या वेळाने ठिबकणं थांबलं.

"आता सोड!" पुन्हा सुरू झालं.

तीनदा झालं. महाराजांच्या मंत्राला न जुमानणारी मैया सत्यभामाचं मुकाट्याने ऐकत होती. कोणीतरी फसकन हसलं. लोक वळून पाहतात तोवर महाराजांच्या खडावा फाटकाबाहेर वाजत होत्या.

पुंडलिक हसला नाही. सगळ्यांकडे पाहून तो म्हणाला, "हा जोड माझा आहे. मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

हेच त्याला दवाखान्यात पुन्हा सांगावं लागलं. भानुमतीताई वाचल्या होत्या, पण आवाज खोल गेला होता.

"तो महाराज तर लबाडच. त्याले पाईपचं काय समजते? तुले समजत होतं. मी तुले विचारूनच प्यायले रे." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "इथं बसून राहू नको. ज्यांनी बाटल्या भरून नेल्या, त्यांच्या घरी जा."

तो गेला. आठ दिवस गल्ल्या पालथ्या घातल्या. नवव्या दिवशी बस पकडून शहपुऱ्याला, बाटली भरून नेलेल्या विष्णूजींच्या दारात उभा राहिला. त्यांच्या देवघरात बाटली होती, फुलं वाहिलेली. पुंडलिकने चपला काढल्या आणि सगळं सांगितलं, लंगोटांसकट. विष्णूजींच्या सुनेने कानावर हात ठेवले.

"एवढे शिकलेले कारागीर तुम्ही. लाज नाही वाटली?" विष्णूजी म्हणाले.

"वाटली जी. म्हणूनच तर गप्प राहिलो, आणि म्हणूनच आता बोलून राहिलो." त्याची मान खालीच होती. "तुम्ही एवढंच करा. भिंतीतून पाणी आलं तर हात जोडायच्या आधी वरच्या मजल्यावर जाऊन विचारा. आणि वरच्याने नाही म्हटलं, तरी भिंत फोडून पाहा."