खंडेनवमीचा दिवा

लेथच्या पायथ्याशी फडकं फिरवता फिरवता अर्जुनरावांचा हात थबकला. मशीन जमिनीला जखडणारे चारही नट आजवर रंगाखाली बुजलेले असत. आज त्यांच्यावर पान्याचे ताजे ओरखडे होते. त्यांनी एक नट बोटाने फिरवून पाहिला. तो गरागरा फिरला.

मशीन उचलायची तयारी झाली होती, आणि तीही गुपचूप.

चाकणच्या या वर्कशॉपात खंडेनवमीला घरच्यांना घेऊन पूजेला यायची जुनी रीत. उन्हाळ्यापासून काम अर्धं, पगारही अर्धा. बरीच माणसं दुसरीकडे गेली. उरलेल्यांना अर्जुनरावांनीच धरून ठेवलं होतं, "शेठनी शब्द दिलाय राव, वर्कशॉप बंद पडणार न्हाई," असं छातीठोकपणे सांगून. आता कुठल्या तोंडाने त्यांच्याकडे बघायचं?

"अहो, काय झालं?" झेंडूची माळ पुढे करत कुसुमताईंनी विचारलं.

अर्जुनरावांनी तोच नट पुन्हा फिरवून दाखवला. कुसुमताईंना मशीनमधलं कळत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा कळत होता. त्यांची नजर दाराबाहेर गेली. फाटकापाशी सकाळपासून एक क्रेन उभी होती. ती शेजारच्या कंपनीची असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं.

आरती झाली. शेठनी नारळ फोडला, पेढे वाटले आणि हसून म्हणाले,

"चला, बारापर्यंत सगळे घरी. उद्या दसरा. आता सोमवारीच भेटू. फाटकाला कुलूप लागेल."

माणसं चपला शोधू लागली. अर्जुनरावांच्या हाताखालच्या नवनाथने पोरीला कडेवर घेतलं. अर्जुनराव हातातलं फडकं पिळत लेथजवळच उभे राहिले. इतकी वर्षं ज्यांचं मीठ खाल्लं, त्यांना चारचौघांत खोटं पाडायचं कसं?

कुसुमताईंनी पूजेतली समई उचलली, त्या नटांजवळ ठेवली, तेल ओतलं आणि तिथेच मांडी घातली.

"नवसाचा दिवा हाय, शेठ," पदर सारखा करत त्या म्हणाल्या. "सोमवारी मशीन चालू होईस्तोवर इझू द्यायचा न्हाई. आमी बसतो आळीपाळीनं."

शेठचं हसू तसंच राहिलं. पेढ्यांचा खोका मात्र त्यांनी खाली ठेवला. नवनाथने दिव्याकडे पाहिलं, मग नटांकडे. पोरीला कडेवरून उतरवून तो शेजारी येऊन बसला.

बाहेर क्रेनचं इंजिन सुरू झालं. फरशी हलकेच थरथरू लागली, आणि ज्योतही.

"तेल पुरंल का?" अर्जुनरावांनी हळूच विचारलं.

कुसुमताई कापसाची दुसरी वात वळायला लागल्या होत्या.