वादी खलास

रमण घाणेकर त्या सकाळी वॉकीटॉकीवर काय बोलला हे ऐकणारा माणूस एकच होता. मी. तो म्हणाला, "वादी खलास, जुनैदभाय." मग परत एकदा, "वादी खलास." पुढे नुसती खरखर. मी सायकलवाल्यांकडे वळलो, अंगठा दाखवला आणि म्हणालो, "यल्ला." म्हणजे चला. पाऊण तासात एक बाई मेली.

मी जुनैद परकार, दाभोळचा. रमण धोपाव्याचा. मध्ये खाडी आणि खाडीत फेरीबोट, एवढंच अंतर. तरी आमची ओळख झाली ती ओमानात. मला इथे अकरा वर्षं झालीत, त्याला तेव्हा सात महिने झाले होते. निझव्याला एका सायकल-टूर कंपनीची शेड आहे, तिथे मी मिस्त्री. चेन, ब्रेक, टायर सगळं माझ्या हातचं. रमण रस्तेवाला. पहाटे पिकअप घेऊन पुढे जायचं, त्या दिवसाचा रस्ता बघायचा, वळणावळणावर बाणाच्या पाट्या लावायच्या आणि मला वॉकीटॉकीवर कळवायचं. मी सांगितल्याशिवाय पाहुणे पेडल मारत नसत.

पाहुणे म्हणजे गोरे. बरेचसे स्पेन-इटलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांच्याकडेही डोंगर आहेत, ऑलिव्हच्या बागा आहेत, खाली समुद्र आहे, मधून मातीचे रस्ते आहेत. हिवाळ्यात तिकडे चिखल होतो म्हणून इकडे येतात. निझव्याहून निघायचं आणि पाच दिवसांत डोंगर ओलांडून समुद्राला लागायचं, तेही डांबराला शक्यतो न शिवता. खडीवरून. रमणला पहिल्या दिवशी हे सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला.

"म्हंजे डांबरी सोडून खडीवर जायचं? मुद्दाम?"

"मुद्दाम."

"आमच्याकडं खडीचा रस्ता ऱ्हायला तर सरपंचाची आय काढतात. आन् हे इमानानं येतात व्हय खडी हुडकायला?"

रमण बावीस वर्षं गुहागर तालुक्यात खडीचा डंपर चालवायचा. रस्त्याची कड कुठे पोकळ आहे हे त्याला चाकाच्या आवाजावरून कळायचं. हे लक्षात ठेवा. बाकी कोणी ठेवलं नाही.

आमचा मॅनेजर केयूर साठे. पुण्याचा, चौतीसचा, स्वतः सायकल मारणारा, त्यासाठी पायांचे केस काढणारा. वाईट माणूस नाही, पण म्हणून त्याला चांगला म्हणा असंही मी सांगत नाहीये. रमणने त्याच्याकडे तीनदा लाल पट्टी मागितली होती. रस्ता बंद असला तर आडवी बांधायला.

"रमण, आपण पीडब्ल्यूडी नाही आहोत," केयूर म्हणाला. "गेस्टला रॉ एक्सपिरियन्स हवा असतो. फोटोत प्लास्टिक नको. नेक्स्ट सीझनला बघू."

त्या फेरीत मार्ता नावाची बाई होती. अठ्ठावन्न वर्षांची, तिकडच्या शाळेत भूगोल शिकवणारी. चढावर सगळ्यांच्या मागे आणि उतारावर सगळ्यांच्या पुढे. रमणला ती रामोन म्हणायची. तिच्या गावात दर तिसरा माणूस रामोन आहे म्हणे. रमणलाही ते आवडलं. जेवायला थांबलो की ती ओरडायची, "रामोन, यल्ला!" आणि आपल्या शेजारी चटईवर हात आपटायची. पाहुण्यांच्या चटईवर आम्ही बसायचं नाही असा नियम आहे. तिने तो मोडला आणि केयूरला तिला काही बोलता येईना.

चौथ्या दिवशी डोंगरमाथ्यावरून समुद्राकडे उतरायचं असतं. वरून समुद्र निळ्या चिंधीएवढा दिसतो, आणि खाली पंचवीस किलोमीटर नुसती वळणं. पाहुणे याच दिवसासाठी आलेले असतात. आदल्या संध्याकाळी लांब कुठेतरी गडगडलं होतं. आमच्या डोक्यावर थेंब नाही. पण इथली वादी म्हणजे कोरडी नदी असते, वर्षभर नुसते गोटे, आणि वीस कोसांवर पाऊस पडला तरी पाणी तुमच्या पायाशी येतं, नेतं ते नेतं आणि निघून जातं.

रमण पहाटे गेला. सहाव्या वळणापलीकडे रस्ता वादी ओलांडतो. तिथला काँक्रीटचा पट्टा गेला होता. त्याच्या जागी दोन पुरुष खोल खड्डा. मोबाइलला तिथे रेंज नाही, म्हणून तो परत चढून वळणावर आला आणि वॉकीटॉकीवर बोलला. वादी खलास.

त्याच्या गावात पूल वाहून गेला की पूल खलास. म्हातारा गेला की म्हातारा खलास. माझ्या दाभोळातही तसंच. आम्ही दोघं एकाच खाडीचे, एकाच भाषेत शिव्या देणारे. पण माझी अकरा वर्षं इथल्या शेडमध्ये गेली. इथे ब्रेक लावून झाला की खलास. माल उतरला की खलास. दिवसातून शंभरदा अरबी कानावर पडतं, खलास म्हणजे झालं, काम उरकलं, पुढचं बोला. मला ऐकू आलं की वादीपर्यंतचं काम झालं. पाट्या लागल्या.

तो दोनदा का म्हणाला, हे मला खटकलं. खरं सांगतो, खटकलं. त्याचा आवाजही नेहमीचा नव्हता. "म्हंजे?" एवढं एकच विचारायचं होतं. पण केयूर घड्याळ बघत होता, ऊन तापायच्या आत उतरायचं होतं, आणि मार्ता एक पाय पेडलवर ठेवून उभी होती. मी विचारलं नाही.

रमणने रस्त्यावर दगडांची आडवी रांग लावली. पट्टी नव्हती, तर काय लावणार? निरोप दिलाय, आता कोणी येत नाही, अशा समजुतीत तो खाली पायवाट शोधायला उतरला. मार्ता सगळ्यांच्या पुढे होती. वळणातून बाहेर आली तर समोर दगड आणि दगडांपलीकडे काही नाही. तिने ब्रेक दाबले. ब्रेक चांगले होते, मी लावलेले. पण खडीवर नुसते ब्रेक चांगले असून भागत नाही. चाक घसरलं, दगडांवर आपटलं आणि ती वरून गेली. रमण खालीच होता. ती त्याच्यासमोर पडली. मी पोचलो तेव्हा तो तिच्या हेल्मेटचा बंद सोडत होता आणि सुटत नव्हता.

केयूरने रिपोर्ट लिहिला. रस्तेवाल्याने काम पूर्ण झाल्याचे कळवले. साक्षीदार, जुनैद परकार. मी सही केली. त्यात खोटं काय होतं? तो खलास म्हणाला होता. पोलिसांनी रमणला ठाण्यावर नेऊन विचारलं, तू खलास म्हणालास का? तो म्हणाला, हो. त्याच्यापुढे अरबीत लिहिलेला कागद ठेवला, त्यानेही सही केली. सरळ माणूस. बोललो ते बोललो म्हणाला.

नंतर त्याला सोडलं, पण पासपोर्ट ठेवून घेतला. केस संपेपर्यंत देश सोडायचा नाही, काम करायचं नाही. शेडच्या मागच्या खोलीत माझ्या पलंगासमोर त्याचा पलंग. सकाळी मी कामाला जायचो तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला, दुपारी यायचो तेव्हाही तसाच. पुढच्या महिन्यात त्याला घरी जायचं होतं. त्याऐवजी धोपाव्याहून फोन यायचे. एकदा त्याची मुलगी पूर्वा होती, कॉलेजात जाते. स्पीकर चालू होता.

"पप्पा, तुम्ही त्यांना नीट सांगितलं नव्हतं का?"

रमणने फोन जवळ ओढला.

"पप्पा?"

"सांगलंवतं गो," तो म्हणाला. "आमच्या भाषेत सांगलंवतं."

पाच आठवडे मी गप्प बसलो. मनात एक हिशोब होता, तोही सांगतो. खरं काय ते माझ्या खिशात आहे, म्हणायचो. अगदीच वेळ आली तर काढून देईन आणि रमण सुटेल. भित्र्या माणसाला अशी वस्तू खिशात ठेवून फार बरं वाटतं.

सहाव्या आठवड्यात केयूरला सांगितलं की मी ठाण्यावर जातोय.

"कशाला?"

"तो रस्ता गेला म्हणत होता. मला उलटं कळलं."

केयूर बराच वेळ सायकलीचं हँडल पुसत राहिला. "जुनैद, तू सही केलीयेस. आता स्टेटमेंट बदललंस तर इन्शुरन्सवाले आपल्या सगळ्यांच्या मागे लागतील. तुझ्या व्हिसाचं मला काही सांगता येणार नाही मग."

"लाल पट्टी दिली असती तर हे झालंच नसतं."

"ते इथे बोललास, ठीक आहे," तो म्हणाला. "तिथे बोलू नकोस."

मी गेलो. ठाण्यावरचा अधिकारी बलुची, पन्नाशीचा, हिंदी चांगली बोलायचा. मला कावा, म्हणजे त्यांची काळी कॉफी, दिली, खजूर पुढे केला. असा माणूस समोर असला की शिव्याही देता येत नाहीत. मी सगळं सांगितलं. आमच्याकडे खलास म्हणजे गेलं, संपलं, मेलं. रमण तेच सांगत होता.

"खलास मतलब खलास," तो म्हणाला. "ये लफ्ज़ तुम्हारा है या हमारा?"

"आमच्याकडेही आहे, साहेब."

"गया हमारे यहाँ से." तो हसला, कुचकट नव्हे, मास्तर हसतात तसा. "देखो, तो ओमानमध्ये होता, ओमानच्या रस्त्यावर काम करत होता, त्याने अरबी शब्द वापरला. काझी विचारेल, या शब्दाचा अर्थ काय. मी काय सांगू? दाभोळला काय म्हणतात ते?"

"त्याने दगड लावले होते. काम झालं असतं तर दगड कशाला लावले असते?"

"हा." त्याने फाइल उघडली. "हेच सरकारी वकिलाने लिहिलंय. दगड लावले म्हणजे रस्ता गेलाय हे त्याला माहीत होतं. माहीत असून खलास म्हणाला. ये तो और बुरा है."

मी म्हणालो, "चूक माझी आहे. मी विचारायला पाहिजे होतं."

"विचारलं का नाही?"

मी कप हातात फिरवला.

"लिहू?" तो म्हणाला. पेन उघडंच होतं. "लिहितो. पण एक समजून घे. तुझं नाव आलं म्हणून त्याचं निघणार नाही. एकाचे दोन होतील, बस."

"त्याचं काहीच कमी होणार नाही?"

"मुश्किल है."

त्या पेनाकडे मी किती वेळ बघत होतो, आठवत नाही. मला दोन मुलं आहेत, आई आहे, बायको आहे. पण तेव्हा त्यांच्यातलं कोणीही डोक्यात आलं नाही. डोक्यात एवढंच आलं की सुटलो. खरं सांगून पाहिलं, उपयोग नाही, सुटलो. मी कप खाली ठेवला, राहू द्या, शुक्रन म्हणालो आणि उठलो. तो माणूस मला दारापर्यंत सोडायला आला.

खोलीवर रमण तसाच बसलेला. मी त्याला सगळं सांगितलं, पेनाचं सोडून. ते सांगितलं नाही. तो ऐकत होता, पायाच्या अंगठ्याने फरशीवरची खडीची कच गोळा करत. आमच्या बुटांना लागून ती रोज खोलीत येते.

"कंपनीचा वकील आलावता," तो म्हणाला. "म्हणतो, बेफिकिरी झाली म्हणून कबूल कर. कबूल केलंस तर कमी होईल. नाय केलंस तर किती वर्षं चालंल सांगता येत नाय."

"तू काय म्हणालास?"

"करतो म्हणलं."

"रमणदा, तू बेफिकिरी केली नाहीस."

तो माझ्याकडे बघायला लागला. बावीस वर्षं कड ओळखणारा माणूस, आणि पायाखाली काय आहे ते कळत नाही असा चेहरा.

"जुनैदभाय, खरं सांग. मी तवा काय म्हणत व्हतो?"

"रस्ता गेला म्हणत होतास."

"तसं तू म्हणतोस." तो थांबला. "रोज मनात बोलून बघतो मी. वादी खलास. वादी खलास. आता ते कसं पण वाटतं. कदी वाटतं, पाट्या लावून झाल्या म्हणूनच बोललो असन. मंग दगड लावलं असतील. डोकं चालत नाय. ते मानूस नीट बोलतात, शिकल्याले हायत, इतके लोक कशाला चुकतील?"

"मी ऐकलंय तुझा आवाज. घाबरलेला होतास तू."

"मंग तवा इचारलंस का नाय?"

हे तो रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. रस्त्यात कोणीतरी बसची वेळ विचारावी तसं त्याने विचारलं, आणि उत्तर न घेता आडवा झाला, भिंतीकडे तोंड करून.

सोमवारी त्याने कबुली दिली. वकिलाच्या गाडीत बसताना त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी शेडमध्ये होतो. नवीन पाहुणे आले होते, बारा सायकली जोडायच्या होत्या. केयूरने लाल पट्टीची दोन रिळं आणून माझ्या टेबलावर ठेवली होती.

रमणच्या जागी नवीन माणूस आलाय, केरळचा. केयूरने नियम केलाय, वॉकीटॉकीवर फक्त 'ओके' आणि 'नॉट ओके'. चौथ्या दिवशी माथ्यावर उभा राहून मी वाट बघतो. खरखर होते. "ओके," तो म्हणतो. मी विचारतो, "म्हणजे काय?" तो म्हणतो, "ओके, ओके." मी परत विचारतो. पाहुणे एक पाय पेडलवर ठेवून माझ्याकडे बघत राहतात.